मघाचा प्रश्न परत वाचता का मॅडम

मी फोनवर सर्व्हे करते, म्हणजे दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात तीच तीच वाक्यं. सध्या विषय आहे सरकारी मदतीचा. आमच्याकडे एक नियम फार कडक, प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही. आधी मला हा नुसता छळ वाटायचा, पण मग ट्रेनिंगमध्ये अमेरिकेतल्या जनरल सोशल सर्व्हेबद्दल ऐकलं. तिथे १९८४ पासून काहींना विचारतात की ‘वेल्फेअर’वरचा, म्हणजे सरकारी मदतीवरचाच, खर्च जास्त होतोय, कमी पडतोय की ठीक आहे, आणि काहींना त्याच जागी ‘गरिबांना मदत’ म्हणून विचारतात, तर ‘गरिबांना मदत’ म्हटलं की खर्च कमी पडतोय म्हणणारे कितीतरी जास्त निघतात. गंमत आहे की नाही!

परवाचा कॉल मात्र डोक्यातून जात नाहीये. एक गृहस्थ, आवाजावरून पन्नाशीचे. आमच्या प्रश्नात ‘सरकारी अनुदान’ असा शब्द आहे, तो ऐकला आणि सुटलेच. लोक ऐतखाऊ झालेत, आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी घरी बसून खायचं, बंद करा सगळं. मी ‘खर्च खूप कमी करावा’वर क्लिक केलं. पुढचा प्रश्न, घरात कोणाला अशी मदत मिळते का? "छे हो, आमच्यात कोणी नाही तसलं."

त्यानंतर एक यादी वाचायची असते, त्यात एकेक भत्ता नाव घेऊन विचारायचा. बेकारी भत्ता, नाही. वृद्धांची पेन्शन, नाही. अपंगत्व भत्ता…

"हां, ते भावाला मिळतं. पण ते तसलं नाही ना मॅडम, तो खरंच अंथरुणाला खिळलाय, मीच करतो त्याचं सगळं."

मी नुसतं "बरं" म्हटलं, आम्हाला तेवढंच अलाउड आहे. पलीकडे कोणीतरी खोकत होतं, भाऊच असावा. मग एकदम म्हणाले, मघाचा प्रश्न परत वाचता का?

वाचला.

"यात अनुदान म्हणजे नेमकं कुठलं धरायचं?"

खरं तर सांगावंसं खूप वाटत होतं, पण छापलेलं उत्तर ठरलेलं आहे, "तुम्हाला जे वाटतं ते धरा."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आहे तेवढाच ठेवा असं लिहा. नाही, थांबा… भावाचं आणि बाकीच्यांचं वेगवेगळं लिहिता येतं का?"

तशी सोय फॉर्ममध्ये नाही.