कुगेल, चीक आणि शुक्रवारची दुपार

पहिल्या वेळी शनिवारी सकाळी स्लो कुकरचं, म्हणजे तासन्तास मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचं, झाकण उचललं तेव्हा आत कुगेलऐवजी करड्या रंगाचं पिठलं होतं. वर पाण्याचं तळं, खाली कच्चट बटाटा. नवरा सिनेगॉगमधून चार पाहुणे घेऊन आला होता, सासूबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, आणि त्या भांड्याचं मला काहीही करता येत नव्हतं. ना बटण फिरवता येत, ना ओव्हन लावता येत. झाकण परत ठेवलं आणि सॅलड वाढलं.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. सोळाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्राएलमध्ये लोदला आले आणि लग्न होऊन जेरुसलेमला, अश्कनाझी, म्हणजे युरोपातून आलेल्या ज्यूंच्या घरात पडले. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला आमच्याकडे शब्बाथ म्हणत, इथल्या शाळेत शब्बात, आणि सासरी शब्बोस. नाव बदलत गेलं तसं ताटही बदललं. माहेरी शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातली मासळीची कढी असायची. सासरी कुगेल नसेल तर शब्बोस आला असं कुणी मानतच नाही.

कुगेल म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगणं सोपं आहे. किसलेला बटाटा, कांदा, अंडी, तेल, मीठ, मिरपूड एकत्र कालवून भांड्यात ओतायचं आणि खरपूस भाजायचं. दूध-लोणी अजिबात नाही, कारण ते मटणाबरोबर खाता आलं पाहिजे, आणि मांसाबरोबर दूध आम्हाला चालत नाही. आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाली, "अगं, हे तर प्रधानकाकूंचं भानोलं." ठाण्याला आमच्या शेजारी सीकेपी कुटुंब होतं. काकू कोबीचं भानोलं करायच्या, जाड पातेल्यात, खाली निखारे, वर झाकणावर निखारे. आमच्यासाठी त्यातून कोलंबी वगळायच्या, कारण ती आम्हाला चालत नाही. ते वगळलेलं भानोलं काकूंना स्वतःला फारसं आवडत नसे, पण करायच्या.

आता अडचण कुठे येते ते सांगते. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमच्यात विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, काही शिजवायचं नाही. गरम जेवायचं असेल तर आधी शिजवून मंद आचेवर ठेवून द्यायचं. त्यासाठी घरोघरी प्लाता असते, विजेवर तापणारी सपाट पत्र्याची पाटी, बटणं नसलेली. आमच्या प्लातेवर सूप, कोंबडी आणि चोलंतचं, म्हणजे शब्बोसच्या मांसाच्या रश्श्याचं, पातेलं ठेवलं की बोटभर जागा उरत नाही. म्हणून नवऱ्याने स्लो कुकर आणला. म्हणाला, कुगेल यात रात्रभर राहील, सकाळी गरमागरम.

गंमत म्हणजे हे भांडं जन्मलंच मुळी शब्बोसच्या कामातून. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू इंजिनिअरला 1940 साली त्याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना गावाच्या गोष्टी सांगायची, शुक्रवारी घरोघरची चोलंतची भांडी भटारखान्यात जायची आणि निवत्या भट्टीत रात्रभर शिजायची. ते त्याच्या डोक्यात बसलं. 1971 मध्ये दुसऱ्या एका कंपनीने तेच क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आणलं आणि ते जगभर गेलं. पण चोलंत म्हणजे रस्सा. मांस, बटाटे, राजमा, जव, भरपूर पाणी. कुगेलला पाण्याचं वावडं, आणि हे भांडं वाफेचा एक थेंब बाहेर जाऊ देत नाही. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

शिवाय मी ते दुपारी दोनला लावलं होतं. डिसेंबरात जेरुसलेमला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि इथल्या रीतीप्रमाणे मेणबत्त्या त्याआधी चाळीस मिनिटं लावायच्या, म्हणजे चारच्या आत. त्या वेळेचा भोंगा वाजला की हात थांबले पाहिजेत. त्यात आणखी एक. गरम भांडं चहूबाजूंनी गरम आवरणात दडपून ठेवणं, ज्याला हात्माना म्हणतात, ते मना आहे. स्लो कुकरची कुंडी बाहेरच्या तापणाऱ्या कवचात बसते, म्हणून काही रब्बी सांगतात की खाली काहीतरी घालून ती थोडी उचला. मी फॉइलचे चार गोळे करून खाली ठेवले. कुंडी उचलली गेली आणि आचही लांब गेली. दोन तासांत बटाटा कोमट झाला असेल, फार तर.

नवऱ्याने मला बेन द्रोसाईची गोष्ट सांगितली. तल्मूद या ज्यू धर्मग्रंथातला हा दरोडेखोर. पकडला जाण्याच्या धास्तीने अन्न अर्धकच्चंच खायचा. कुणी म्हणतात एक तृतीयांश शिजलेलं, कुणी म्हणतात निम्मं. शब्बोस लागायच्या आत अन्न निदान त्याच्या पसंतीला उतरेल इतकं तरी शिजलेलं हवं. माझं कुगेल त्या दरोडेखोरानेही परत पाठवलं असतं. आम्हीही ते खाल्लं नाही.

दुसऱ्या वेळी मी सासूबाईंना विचारलं. त्या स्लो कुकर वापरत नाहीत, त्यांचा ओव्हन आणि काळा पडलेला पत्र्याचा ट्रे. त्या म्हणाल्या, तेल आधी कडकडीत तापव, मिश्रण त्यात ओत, चर्र आवाज आला पाहिजे, तरच कडा कुरकुरीत होतात. मी तेल कढईत तापवलं आणि थेट चिनीमातीच्या थंड कुंडीत ओतलं. चर्र नाही, टक् असा आवाज आला. तळापासून काठापर्यंत केसासारखी चीर गेली आणि त्यातून तेल पाझरायला लागलं. सासूबाईंनी सांगितलेलं चुकीचं नव्हतं. ते पत्र्याच्या ट्रेचं ज्ञान होतं.

नवी कुंडी यायला तीन आठवडे लागले. तोवर आई लोदहून शब्बाथला राहायला आली.

गुरुवारी रात्री आम्ही दोघींनी दोन किलो बटाटे सोलून पाण्यात ठेवले. कांदे ठेवले नाहीत. सोललेला कांदा, लसूण, अंडं रात्रभर ठेवायचं नाही हे सासरी काटेकोर पाळतात. सकाळी आठला किसणीवर बसलो. मिक्सरमध्ये लगदा होतो आणि कुगेलला रबरासारखं अंग येतं, म्हणून हातानेच. बारीक भोकांच्या बाजूने बटाटा, मधूनच अर्धा कांदा, परत बटाटा. कांदा अधेमधे गेला की बटाटा लवकर काळा पडत नाही. शेवटच्या तुकड्यांना बोटांची सालं जातात, त्याला इलाज नाही. सहा अंडी एकेक करून काचेच्या पेल्यात फोडून बघितली. रक्ताचा ठिपका असलेलं अंडं आम्ही टाकून देतो.

मग कीस पंच्यात घालून पिळला. याआधी दोन्ही वेळा मी हे पाणी सिंकमध्ये ओतून मोकळी झाले होते. आईने माझा हात धरला.

"थांब. चीक ओततेस की काय?"

पातेलं तिने पाच मिनिटं तसंच ठेवलं. मग वरचं तांबूस पाणी हळूच ओतून दिलं. तळाला पांढराशुभ्र घट्ट थर. बोट लावलं तर कुरकुरल्यासारखं होतं आणि उचललं की पातळ होऊन ओघळतं. आमच्या घरी रोश हाशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून, चीक बसू द्यायचा आणि नारळाच्या दुधात आटवायचा. आईने आयुष्यभर पातेल्याचे तळ बघितलेत. बटाट्याचा चीक ओळखायला तिला कुणी शिकवावं लागलं नाही. तो खरवडून तिने परत किसात कालवला. पाणी गेलं होतं, बांधणारं तेवढं राहिलं. त्यावर अंडी, पाऊण वाटी कोमट तेल, दीड मोठा चमचा मीठ, चमचाभर ताजी कुटलेली मिरी.

या वेळी कुंडी रिकामीच अर्धा तास हायवर तापू दिली. तळाला आणि बाजूंना बेकिंग पेपर लावला, त्यावर तेल चोळलं. साडेनऊला मिश्रण आत गेलं, हायवर. झाकणाखाली एक जाडसर सुती पंचा ताणून बसवला, टोकं वर बांधून घेतली. साडेबाराला तो चिंब झाला होता, बदलला. नेमकं हेच पाणी पहिल्या वेळी परत कुगेलात पडत होतं. झाकण मात्र तेवढ्यापुरतंच उघडलं. मला सारखं डोकवायची सवय आहे आणि दर डोकावण्याला वाफ जाऊन आच बसते.

अडीचला मधोमध सुरी घातली, कोरडी निघाली. कडा सोनेरी, मध्य घट्ट. म्हणजे शब्बोस लागायला दीड तास असताना कुगेल पूर्ण शिजलेलं होतं. हे भांडं कुगेल शिजवायला रात्र मागत नाही. रात्र ते राखायला. मी उलटं धरून बसले होते. मुलांनी गरम तुकडा मागितला आणि मिळाला. शुक्रवारी शब्बोसचं अन्न चाखून बघायची रीतच आहे, तोअमेहा म्हणतात. मी तीन तुकडे चाखले.

साडेतीनला पंचा काढला, कुंडीखाली फॉइलचे गोळे ठेवले, आच लोवर आणली, आणि बटणावर फॉइल चिकटवली, म्हणजे चुकूनही हात जाऊ नये. भोंगा वाजला. आईने आणि मी मेणबत्त्या लावल्या.

रात्री घरभर वास. मी दोनदा उठले, पण नुसती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

सकाळी झाकण उचललं तर रंग चहासारखा तांबडा-तपकिरी. इतका वेळ मंद आचेवर राहिलं की चोलंतमधल्या अंड्यासारखं बटाट्यालाही तसा रंग चढतो. ओव्हनमधल्यासारखी कुरकुरीत पापडी वर नव्हती, खोटं कशाला सांगू. पण सुरीने काप सुटे निघाले, आतून मऊ, कडेने चिवट-खरपूस. सासूबाईंनी पहिला घास घेतला, काही बोलल्या नाहीत, दुसरा काप घेतला. आईने पिशवीतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. पाहुण्यांपैकी एक जण लोणच्यावरून कुगेलावर आणि परत लोणच्यावर येत राहिला.

शेवटी पेपर फाटलेल्या जागी, कुंडीच्या तळाला, काळसर थर चिकटून राहिला होता. आई तो लाकडी चमच्याने सोडवून माझ्या ताटात टाकत होती तेवढ्यात सासूबाईंनी आपलं ताट पुढे केलं आणि हिब्रूत विचारलं, याला तुम्ही काय म्हणता?

"खरवड," आई म्हणाली.

हिब्रू बोलणाऱ्याला ख घशातून छान जमतो. ड मात्र सासूबाईंच्या तोंडी द होतो. आता शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन येतो तेव्हा कुगेल केलंस का असं त्या विचारत नाहीत. खरवद किती राहील, असं विचारतात.