ट्रे उघडतो, पण ड्राइव्ह दिसत नाही

मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात एकाच संध्याकाळी दोनदा वीज गेली, आणि दुसऱ्यांदा आली तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरातला संगणक सुरूच होईना. मदरबोर्ड गेल्याचे तपासणीत निघाले. इतक्या जुन्या प्रोसेसरला बसणारा मदरबोर्ड नवा मिळत नाही, आणि जुना मिळाला तरी त्याचा भरवसा नसतो; त्यामुळे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असे तिन्ही बदलावे लागले. तेवढ्या खर्चात आणखी थोडी भर घालून एक एम डॉट टू एसएसडीही घेतली, म्हणजे थेट मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगवान डिस्क. कॅबिनेट, हार्ड डिस्क आणि 2012 साली घेतलेला डीव्हीडी रायटर (सीडी-डीव्हीडी वाचणारा आणि लिहिणारा ड्राइव्ह) मात्र जुनेच ठेवले.

डीव्हीडी रायटर ठेवण्यामागे कारण होते. वडिलांनी घरच्या कार्यक्रमांची केलेली चित्रीकरणे आणि ध्वनिमुद्रणे अशा बावीस सीडी-डीव्हीडी कपाटात होत्या. त्यांच्यावर मार्कर पेनने त्यांच्या वळणदार अक्षरात तारखा लिहिलेल्या होत्या. त्या सगळ्या या सुट्टीत हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या, असे मी ठरवले होते.

संगणक घरी आला, विंडोज नव्याने टाकलेली होती, सगळे झटपट चालत होते. फक्त डीव्हीडी ड्राइव्ह कुठे दिसत नव्हता. दुकानात फोन केला तेव्हा "अहो सर, हे आता वापरतं कोण? काढून टाका, यूएसबीचा घ्या" असे उत्तर मिळाले. जुन्या वस्तूवर संशय घेणे सोपे असते, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस माझाही संशय तिच्यावरच होता.

बटण दाबले की ट्रे बाहेर येत होता, डिस्क ठेवून आत ढकलला की हिरवा दिवा लुकलुकत होता आणि डिस्क फिरल्याचा आवाजही येत होता. यावरून ड्राइव्ह चालू आहे एवढेच कळते, तो संगणकाशी बोलतो आहे असे मात्र कळत नाही. साटा (हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह वगैरे मदरबोर्डला जोडण्याची पद्धत) ड्राइव्हला दोन वेगळ्या केबल लागतात: पंधरा संपर्कांची रुंद केबल वीज पुरवते आणि सात संपर्कांची अरुंद केबल माहिती ने-आण करते. ट्रे उघडणे, डिस्क फिरवणे, तिच्यावर भिंग स्थिर करणे ही कामे ड्राइव्हचे स्वतःचे सर्किट करते. त्यामुळे अरुंद केबल पूर्ण काढून टाकली तरी ट्रे तसाच डौलात उघडतो. मी ती काढून पाहिली, आणि ट्रे उघडला.

इमारतीतल्या एका काकांनी मला रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या, 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी पुसायला सांगितले. हा उपाय खोटा नाही. सीडी लिहिण्याची जुनी सॉफ्टवेअर मागे ठेवून गेलेल्या या नोंदींमुळे ड्राइव्ह बंद पडलेला अनेकांनी पाहिला आहे. परंतु तसे झाले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी) ड्राइव्हचे नाव दिसते आणि त्यावर पिवळे चिन्ह येते. माझ्याकडे नावच नव्हते. शिवाय विंडोज कोरी होती, तेव्हा जुन्या नोंदी येणार कुठून? म्हणून रजिस्ट्रीला हात न लावता मी संगणक पुन्हा सुरू केला आणि डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रणालीत, गेलो. तिथे साटा पोर्टांच्या (मदरबोर्डवर केबल लावायच्या जागांच्या) यादीत पहिल्या पोर्टसमोर हार्ड डिस्कचे नाव होते आणि पाचव्यासमोर 'एम्प्टी' असे लिहिलेले होते. बायोसलाच जे दिसत नाही, ते विंडोजला दिसण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा ड्राइव्हमध्ये होता.

या तिघांना वेगळे करायला विकत काही आणावे लागत नाही. संगणक बंद करून, प्लग भिंतीतून काढून मी हार्ड डिस्कची चालती केबल ड्राइव्हला लावली. तिचे दुसरे टोक पहिल्याच पोर्टमध्ये होते. बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव ताबडतोब उमटले. मग त्याच केबलचे टोक पाचव्या पोर्टमध्ये लावले, आणि नाव गेले. शेवटी हार्ड डिस्क पाचव्या पोर्टला जोडली, तर तीही दिसेना. दोन दिवस ज्याच्यावर आळ होता तो चौदा वर्षांचा ड्राइव्ह पूर्ण निर्दोष होता. दोष आठवड्यापूर्वी पेटीतून काढलेल्या मदरबोर्डकडे होता.

निदान मला तसे वाटले, आणि मी पावती शोधू लागलो. पावतीबरोबर मदरबोर्डची पुस्तिका हाती लागली. तिच्यातल्या पोर्टांच्या तक्त्याखाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरात, एक टीप होती: एम डॉट टूचा दुसरा स्लॉट वापरात असल्यास साटाचे पाचवे आणि सहावे पोर्ट बंद राहतात. चिपसेटकडे, म्हणजे मदरबोर्डवरची माहितीची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपकडे, वेगवान मार्गिका मोजक्याच असतात आणि बऱ्याच मदरबोर्डांवर त्यांतल्या काही दोन ठिकाणी वाटून दिलेल्या असतात. एकाने घेतल्या की दुसऱ्याला मिळत नाहीत. कोणते पोर्ट बंद होईल हे प्रत्येक मॉडेलवर वेगळे असते, त्यामुळे ती टीप वाचण्याला पर्याय नाही. माझी एसएसडी बरोबर त्याच स्लॉटमध्ये बसवलेली होती. पोर्ट बिघडलेले नव्हते, बंद होते. दुकानातल्या मुलाने पाचवे पोर्ट का निवडले, हेही कॅबिनेट उघडे असताना समजले: ड्राइव्ह वरच्या कप्प्यात आहे आणि जुनी आखूड केबल पाचव्या पोर्टपासूनच तिथे पोहोचत होती. तपकीर गल्लीत जाऊन लांब केबल आणली, ती तिसऱ्या पोर्टला लावली आणि ड्राइव्ह आला. केबल आणण्यापेक्षा गाडी लावायला जागा शोधण्यात जास्त वेळ गेला.

एवढ्यावर संपले नाही. गाण्यांच्या सीडी वाजल्या, पण चित्रीकरणाच्या डीव्हीडी विंडोज दाखवीना. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही असे झाले की जाणकार लेझरकडे बोट दाखवतात, आणि त्यात तथ्य असते. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी 650 नॅनोमीटरचा असे दोन लेझर ड्राइव्हमध्ये असतात आणि त्यांतला एकच क्षीण होऊ शकतो. मात्र माझ्याकडे डिस्कवरील फोल्डर उघडत होते, फाइली दिसत होत्या, कॉपीही होत होत्या. लेझर ठीक असल्याचा याहून चांगला पुरावा नको. विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची सोय मूळ प्रणालीतून काढून टाकली. आमच्या आधीच्या संगणकावर विंडोज 7 असल्यामुळे ती उणीव कधी जाणवली नव्हती. व्हीएलसी हे व्हिडिओ दाखवणारे सॉफ्टवेअर टाकल्यावर तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

बावीसपैकी एकवीस डिस्क आता हार्ड डिस्कवर आहेत. राहिलेली एक पुतण्याच्या मुंजीची, 2007 सालची डीव्हीडी आहे. ती मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसून झाली, कमी वेगाने वाचून झाली, तरी मातृभोजन संपून वाद्ये सुरू होतात त्याच क्षणी प्रत्येक वेळी अडकते. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला कधीकधी वाचता येते. धाकट्या भावाच्या जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह अजून उघडतो असे तो म्हणतो, म्हणून रविवारी ती घेऊन चिंचवडला जाणार आहे.