तिसरी ट्यूब

दुपारी दोन ते चार नागपूरच्या इतवारीतलं आमचं मेडिकल जरा रिकामं असतं. मूळव्याधीचं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं. काउंटरवर कोणी बाई उभी असेल तर डोकेदुखीची गोळी घेऊन परत जातं.

मागच्या मंगळवारी आलेले काका ई-रिक्षा चालवतात. खिशातून पिळून सपाट केलेली ट्यूब काढली अन् हळूच म्हणाले, "हेच द्या जी. लावलं की थंड वाटते, सोडलं की दुप्पट खाजवते." महिन्यातली ही तिसरी. आधीच्या दोन्ही आमच्याच पोरानं एक शब्द न विचारता दिलेल्या.

या मलमात लिडोकेन असतं, ते जागा बधिर करतं. फेनिलेफ्रीन फुगलेल्या शिरा आकसवतं. बीपीवाल्यानं ते डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. तिसरं बेक्लोमेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. खाज उतरते ती मुख्यतः त्यानं, आणि घोळही तोच करतं. सात दिवसांच्या पुढे ते स्वतःच्या मनानं लावायचं नाही. कातडी पातळ होते, बुरशीला रान मोकळं मिळतं. खोक्यावर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलंय. ते कोण वाचतं?

काकांना विचारलं, कसं लावता? साबणानं घासून धुवायचे, ओल्या अंगावरच बोटभर मलम चोपडायचे, अन् रिक्षाच्या रेक्झिनच्या सीटवर दिवसभर बसायचे. साबणानं कातडी सोलते, ओल अडकून राहते. नुसतं पाणी पुरतं. मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करायचं, रगडायचं नाही. मग वाटाण्याएवढं मलम, पातळ, सकाळी शौचानंतर आणि रात्री झोपताना. आत लावायचं असेल तर ट्यूबसोबतच्या नळीच्या टोकाला आधी थोडं मलम लावून घ्यायचं. कोरडी नळी घातली की चिरतं. टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसल्यानं पुष्कळांना मलमापेक्षा जास्त आराम पडतो. रात्री झोपायच्या तासभर तरी आधी दोन चमचे इसबगोल, पण पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आत घट्ट बसतं. नागपूरच्या उन्हात पाणी न पिता रिक्षा हाकणाऱ्याला हे दोनदा सांगावं लागतं.

"रक्त पडते का?" "नाही." "दुखते?" "नाही, खाजच." मग त्यांनीच मोबाइलवरचा फोटो दाखवला. लाली मागून जांघेपर्यंत सरकलेली, कड पुसट, पण एका बाजूला अजून गोल. स्टेरॉइडनं नायट्याची, म्हणजे बुरशीच्या गोल चट्ट्याची, कड अशीच पुसट होते, म्हणून ओळखू येत नाही. मूळव्याध कधी खाजवतेही, पण ती जांघेत पसरत नाही.

ट्यूब दिली नाही. "मेयो सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरला दाखवा, ही रिकामी ट्यूब सोबत न्या, किती दिवस लावली तेही सांगा," म्हटलं. काका नाराज झाले. "सोमवारी पाहतो जी."

सोमवार कालच गेला. चार दुकानं सोडून दुसरं मेडिकल आहे. तिथे चिठ्ठी मागत नाहीत, फोटो पाहत नाहीत. त्या मंगळवारी इथून निघताना काकांची रिक्षा त्याच बाजूला वळली होती.