दार लाव, पंखा लाव: इंग्रजी शब्द व्याख्येतून का शिकायचे

दार लाव. पंखा लाव. गाणं लाव. कुकर लाव. गजर लाव. खरचटलंय तिथं मलम लाव. कुंडीत तुळस लाव. मराठी घरात सकाळच्या धांदलीत इतक्या वेळा ‘लाव’ ऐकू येतं आणि कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र दार ‘क्लोज’, पंखा ‘टर्न ऑन’, गाणं ‘प्ले’, कुकर ‘पुट ऑन’, गजर ‘सेट’, मलम ‘अप्लाय’ आणि तुळस ‘प्लान्ट’. पहिली दोन नीट पाहा. दार लावलं की बंद होतं, पंखा लावला की चालू होतो!

शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहून केलेली पाठांतराची वही इथेच फसते. ‘अप्लाय म्हणजे लावणे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर आठवड्याभरात कुणीतरी ‘अप्लाय द फॅन’ म्हणणारच. त्याऐवजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीत वाचावा आणि सोबत एक-दोन वाक्यं घ्यावीत. व्याख्येवरून शब्द नेमकं कोणतं काम करतो ते कळतं, वाक्यावरून तो कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतो ते कळतं.

यावर हमखास प्रश्न येतो: इंग्रजी येत नाही म्हणून तर अर्थ शोधतोय, मग अर्थही इंग्रजीतच कसा वाचू? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्यावर मोठं काम आपल्याच उपखंडातल्या अनुभवावर उभं राहिलं. मायकेल वेस्ट हे ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून धडपडत होते. त्यांनी सहकाऱ्यासोबत 1935 साली एक कोश काढला. त्यात सुमारे 24,000 शब्द आणि वाक्प्रचारांचे अर्थ फक्त 1,490 सोप्या शब्दांत दिलेले होते. पुढे 1978 साली लाँगमन या प्रकाशनाच्या कोशानं सुमारे 2,000 शब्दांची मर्यादा स्वतःला घालून घेतली. 1987 साली कोबिल्ड या कोशानं तर व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहायला सुरुवात केली. म्हणून कोश निवडताना त्यावर ‘लर्नर्स’ हा शब्द आहे का ते पाहा. इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेला जाडजूड कोश यासाठी उपयोगाचा नाही. त्यात सोप्या शब्दाचा अर्थ अवघड शब्दांत दिलेला असतो.

आता एक शब्द जवळून पाहू. ‘बॉरो’. व्याख्या अशी करता येईल: ‘इफ यू बॉरो समथिंग, यू टेक इट फॉर अ शॉर्ट टाइम अँड देन गिव्ह इट बॅक.’ यात दहावी झालेल्याला न समजणारा एकही शब्द नाही. मराठीत ‘उसनं’ दोन्हीकडून चालतं, उसनं घेतो आणि उसनं देतो. व्याख्येतला ‘टेक’ मात्र दिशा पक्की करतो: ‘बॉरो’ म्हणजे घेणंच. मग वाक्य: ‘शी बॉरोड फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम हर सिस्टर.’ बहिणीकडून, म्हणून ‘फ्रॉम’. हा ‘फ्रॉम’ शब्दासोबतच पाठ व्हायला हवा. तो वाक्यात भेटला नाही, तर ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ अशी वाक्यं तोंडात बसतात आणि पुढे वर्षानुवर्षं निघत नाहीत.

वाक्यांची किंमत कळते ती अशा छोट्या शब्दांत. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. कोशातलं वाक्य असेल ‘वी डिस्कस्ड द फीज’, मध्ये काहीच नाही. ‘मला समजाव’वरून ‘एक्सप्लेन मी’ येतं. बरोबर वाक्य ‘शी एक्सप्लेन्ड द सम टू मी’.

शब्दाजवळची बारीक अक्षरं बहुतेक जण सोडून देतात. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं नाम, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. ‘एसबी’ म्हणजे समबडी, ‘एसटीएच’ म्हणजे समथिंग. मराठी माणसाला यातला ‘यू’ सर्वांत जास्त उपयोगी आहे. केस, पैसे, बातम्या, सामान आणि माहिती हे सगळे इंग्रजीत ‘यू’. यांतले पहिले तीन आपण अनेकवचनी बोलतो, म्हणून ‘हर हेअर्स आर लाँग’ आणि ‘द न्यूज आर बॅड’ तोंडून जातं. इंग्रजीत ‘हर हेअर इज लाँग’, ‘द न्यूज इज बॅड’, ‘द मनी इज ऑन द टेबल’. ‘हेअर’पाशी मात्र दोन्ही अक्षरं सापडतील, कारण सूपमध्ये एकच केस निघाला तर तो ‘अ हेअर’ असतो. अशी नोंद दिसली की दोन वाक्यं लिहायची, एकावर भागवायचं नाही.

वही अशी आखावी. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे व्याख्या, उजवीकडे शब्द. त्याखाली कोशातलं एक वाक्य आणि मग स्वतःचं एक. स्वतःचं वाक्य आठ-दहा शब्दांपेक्षा मोठं नको, आणि त्यात आपल्या घरातलं खरं काहीतरी हवं: बहिणीचं नाव, आपल्या बसचा नंबर, आपल्या गल्लीतलं दुकान. कोशातल्या वाक्यातला ‘जॉन’ काढून तिथं ‘राजू’ घालणं म्हणजे स्वतःचं वाक्य नव्हे. रोज पाच शब्द, जास्त नकोत. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून व्याख्या वाचायची आणि शब्द मोठ्यानं म्हणायचा. मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा. जो अडला त्यापुढे टिंब. तीन टिंबं झाली की त्याला नवीन वाक्य करायचं. जुनंच वाक्य घोकल्यानं तो सुटत नाही.

व्याख्येतच दोन अनोळखी शब्द निघाले, तर तो शब्द सध्या बाजूला ठेवा. एकाच शब्दाचे दहा अर्थ दिसले, तर आपण जिथं तो वाचला तिथला तेवढाच उचला. ‘द टॅप इज रनिंग’ वाचलं असेल तर आज नळाचा ‘रन’ पुरे. दुकान चालवणारा आणि दर वीस मिनिटांनी सुटणाऱ्या बसचा ‘रन’ भेटेल तेव्हा भेटेल. आणि ‘बॉरो’-‘लेंड’सारखी जोडी एकाच दिवशी कधीच घेऊ नये, शाळेत तशी शिकवत असले तरीही. दोन्ही कच्चे असतात तोवर एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटतो. एक पक्का झाला की आठ-दहा दिवसांनी दुसरा.

जे शब्द आपले झालेत त्यांचीही व्याख्या एकदा वाचावी. आपल्या ‘हॉटेल’मध्ये मिसळ मिळते; इंग्रजीतलं ‘हॉटेल’ राहण्याच्या खोल्यांचं, मिसळीसाठी ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘कॅफे’. आपण कॉलेजमधून ‘पास आउट’ होतो. इंग्लंडमध्ये ऐकणाऱ्याला वाटेल की आपण बेशुद्ध पडलो होतो. परदेशी शिकायला निघालेल्यांनी तर हे काम आधी करावं.

उच्चार देवनागरीत लिहून घेणाऱ्यांना एक सांगणं. ‘वेस्ट’ लिहिलं की बनियन आणि पश्चिम दिशा एकच होऊन बसते, कारण इंग्रजीतले दोन वेगळे आवाज आपण एका ‘व’मध्ये घालतो. ‘कम्फर्टेबल’ आपण अक्षर अन् अक्षर म्हणतो, ऐकू येतं ते ‘कम्फ्टबल’च्या जवळचं. कोशाच्या वेबसाइटवर शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं. आधी ते दाबून तीनदा ऐका, मग लिहा.

महिनाभर व्याख्या वाचल्या की उलटा सराव सुरू करावा, आणि तो स्वयंपाकघरातून करावा, कारण तिथल्या कितीतरी वस्तूंना इंग्रजीत तयार शब्द नाही. व्याख्येचा साचा तोवर अंगवळणी पडलेला असतो: वस्तू कोणत्या जातीची, दिसते कशी, कशासाठी वापरतात. झारा: ‘अ बिग फ्लॅट स्पून विथ होल्स. यू यूज इट टू टेक पुरीज आउट ऑफ हॉट ऑइल.’ पोळपाट: ‘अ राउंड बोर्ड. यू रोल चपातीज ऑन इट.’ फोडणी ही वस्तू नाही, क्रिया आहे, म्हणून ती क्रमानं सांगायची: ‘यू हीट सम ऑइल, अ‍ॅड मस्टर्ड सीड्स अँड वेट टिल दे पॉप. देन यू पोर इट ओव्हर द डाल.’ यात ‘पॉप’ सोडला तर एकही शब्द नवा नाही. आता अशाच तीन ओळी किसणीवर लिहून पाहा, मग चकलीच्या सोऱ्यावर.