चौऱ्याऐंशी दिवस

मे २०२१. शाळा बंद होत्या, त्यामुळे आम्हा जिल्हा परिषदेच्या मास्तरांना जिथे हात कमी पडतील तिथे धाडत. माझ्या वाट्याला लसीकरण केंद्र आलं. सिस्टर टोचायच्या, मी लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर नावं चढवायचो. शिव्या मात्र माझ्या एकट्याच्या.

१३ मेला कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. जानेवारीत ते चार आठवडे होतं, मार्चमध्ये आठपर्यंत वाढलं होतं. पहाटेपासून रांगेत बसलेल्या एका आज्यांना "चौऱ्याऐंशी दिवस भरले की या" म्हटलं, तर म्हणाल्या, "लस संपली म्हन की सरळ!" रांग हसली. त्यांना तरी काय बोलणार, केंद्र निम्मे दिवस बंदच असायचं.

गणिताचा मास्तर असल्यामुळे मला आकडे बघितल्याशिवाय चैन पडेना. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास सांगत होता : दोन डोसांत सहा आठवड्यांहून कमी अंतर असेल तर लस ५५.१ टक्के परिणामकारक, बारा किंवा जास्त असेल तर ८१.३. पण त्या चाचण्या अंतराची तुलना करायला आखलेल्याच नव्हत्या. काहींना दुसरा डोस उशिरा मिळाला, त्यावरून हा हिशेब निघाला. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कोरोनाचा डेल्टा हा नवा प्रकार थैमान घालत होता आणि तो त्या हिशेबात नव्हताच. १४ मेला, म्हणजे आपल्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनने पन्नाशीवरच्यांसाठी अंतर बारावरून आठ आठवड्यांवर आणलं. पुढे आठवडाभरात तिथलेच आकडे आले : डेल्टापुढे एक डोस जेमतेम ३३ टक्के, ॲस्ट्राझेनेकाचे, म्हणजे आपल्या कोविशील्डचेच, दोन डोस ६० टक्के.

मग आपलं चुकलं का? मला तसं वाटत नाही. ब्रिटनमध्ये वयस्कांचा पहिला डोस उरकला होता, आपल्याकडे बहुतेकांना एकही मिळाला नव्हता. टँकर एकच आणि वाडी मोठी असेल तर आधी घरटी एक हंडा देतात. हे आज्यांनाही पटलं असतं. पण तसं कुणी सांगितलं नाही. टंचाईचा संबंध नाही, निर्णय निव्वळ विज्ञानाचा, हेच पालुपद. जूनमध्ये सरकारला लसीकरणाचा सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय सल्लागार गटातलेच डॉ. एम. डी. गुप्ते म्हणाले की गटाचा पाठिंबा ८ ते १२ आठवड्यांना होता, बाराच्या पुढची माहितीच नव्हती. सरकारने ते फेटाळलं. त्याच महिन्यात परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिंपिकच्या चमूला २८ दिवसांनी दुसऱ्या डोसची मुभा मिळाली. गरज म्हणून ठीकच, पण रांगेतल्या माणसाला ती समजावताना माझी बोबडी वळायची.

संशोधन फार तर सांगतं की असं केलंत तर साधारण असं होईल. डोस आधी कुणाला, हे सरकारनेच ठरवायचं असतं. ठरवलंच होतं की! मग त्यासाठी शास्त्रज्ञांच्या आड उभं राहायची गरज काय होती, हे मला अजून कळलेलं नाही.

मार्च २०२२ मध्ये सल्लागार गटाने अंतर पुन्हा ८ ते १६ आठवडे सुचवलं. तेव्हा मी कधीच शाळेत परतलो होतो.