एअरलाइनर सिममध्ये वळताना पायांचं काय करायचं – माझा अनुभव

सिममध्ये (फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम) मी सुरुवात सेसना १७२ या छोट्या विमानावर केली आणि तिथेच बराच काळ रमलो, त्यामुळे वळायचं म्हणजे हात आणि पाय एकत्र ही सवय अंगात भिनलेली. डावीकडे योक (हातातलं स्टिअरिंग), सोबत थोडं डावं पेडल (शेपटीवरचा रडर हलवणारं), बॉल (वळताना विमान बाजूला घसरतंय का हे दाखवणारी गोळी) मध्ये आहे ना बघा, झालं. मग एअरबस ए३२० हे मोठं प्रवासी विमान घेतलं आणि प्रश्न पडला की इथे पायांनी नेमकं करायचं काय? व्हिडिओ बघावेत तर एक जण सांगतो पेडलला हातच लावू नका (म्हणजे पायच), दुसरा सांगतो रडर न देता वळतोस म्हणजे तुला उडवता येत नाही. कारण दोघंही सांगत नाहीत. म्हटलं आपणच करून बघू.

आधी थोडं वाचलं. विमानाला वळवतो तो रडर नाहीच, वळवतात पंख. बँक केलं, म्हणजे विमान एका बाजूला कलवलं, की लिफ्ट (पंखांची वर उचलणारी ताकद) तिरकी होते आणि तिचा आडवा भाग विमानाला आत ओढतो, बस एवढंच. वळण किती मोठं होणार हे वेग आणि बँक ठरवतात. २५० नॉट आणि २५ अंश बँक असेल तर त्रिज्या साधारण ३.६ किलोमीटर येते, तेच बँक १४० नॉटला ठेवलं तर जेमतेम १.१ किलोमीटर. या हिशोबात रडर कुठेच नाही बघा. त्याचं काम फक्त नाक बरोबर दिशेला ठेवायचं. उजवीकडे वळायला एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) दिला की वर जाणाऱ्या डाव्या पंखाला जास्त लिफ्ट मिळते आणि तिच्यासोबत जास्त ड्रॅगही (हवेचा अडथळा), म्हणून नाक क्षणभर उलट्या बाजूला, डावीकडे ओढलं जातं. यालाच ॲडव्हर्स यॉ म्हणतात आणि छोट्या विमानात आपण पाय देतो तो मुख्यतः याच्यासाठी.

आता एअरलाइनरमध्ये गंमत अशी की रोलसाठी (विमान कलवायला) एलरॉनसोबत स्पॉयलरही (पंखावरच्या उघडणाऱ्या फळ्या) उठतात, आणि ते उठतात खाली जाणाऱ्या पंखावर, म्हणजे ड्रॅग आतल्या बाजूला वाढतो आणि ॲडव्हर्स यॉ बराचसा तिथेच मरतो. जे उरतं ते यॉ डॅम्पर (नाकाचं डावं-उजवं डुलणं आपोआप थांबवणारी यंत्रणा) सांभाळतो. ए३२० मध्ये हे काम एफएसी नावाचे कॉम्प्युटर करतात, बोइंग ७३७ मध्ये यॉ डॅम्पर करतो, आणि दोन्हीत रडर आपोआप हलत असताना तुमच्या पायाखालची पेडल जागची हलत नाहीत. मला हे भारी वाटलं, कारण मी पेडलकडे बघून समजत होतो की रडर शांत बसलाय, आणि बाहेरचा कॅमेरा शेपटीवर लावला तर तो बारीक बारीक काम करतोय!

मग प्रयोग सुरू केले. ए३२० मध्ये पीएफडीवर (पायलटसमोरचा मुख्य स्क्रीन) वरच्या बाजूला बँक दाखवणारा त्रिकोण असतो, त्याच्याखाली एक छोटी पट्टी, तीच आपली बॉल. २५ अंश बँक केलं, साइडस्टिक (योकऐवजी बाजूला असलेली छोटी काठी) सोडली (३३ अंशांच्या आत असाल तर विमान बँक स्वतःच धरून ठेवतं), पाय जमिनीवर. पट्टी मध्ये. मग वळणाच्याच दिशेला पेडल हळूच दाबलं आणि पट्टी लगेच बाहेरच्या बाजूला सरकली, म्हणजे स्किड, शेपूट बाहेर फेकली जातेय. उलटं दाबलं तर आत सरकली. म्हणजे जे वळण आधीच नीट होतं ते माझ्या पायाने बिघडतंय. वर बँकही हलायला लागतं, कारण पंख मागे वळलेले असले की नाक एका बाजूला गेल्यावर त्याच बाजूला रोलही होतो. खऱ्या विमानात हे सगळ्यात जास्त शेवटच्या रांगेत बसलेल्यांना जाणवणार, शेपूट तिकडेच आहे ना. नीट वळण म्हणजे ट्रेवरचा पाण्याचा ग्लास, बँक कितीही असो, पाणी ग्लासच्या काठाला समांतरच राहतं.

७३७ मध्ये अजून मजा. ओव्हरहेडवर (डोक्यावरच्या पॅनलवर) यॉ डॅम्परचं स्विच आहे, उंचावर गेल्यावर ते बंद करून पेडलला एक हलका धक्का दिला. नाक डावीकडे, पंख डावीकडे, मग उजवीकडे, मग परत, असं डुलत राहिलं आणि हळूहळूच शांत झालं. हाच तो डच रोल. स्विच परत चालू केलं की लगेच थांबतं. ॲड-ऑनमध्ये (सिममध्ये वेगळं टाकलेल्या विमानात) हे नीट मॉडेल केलेलं असेल तरच दिसेल, फुकटच्या काही विमानांत स्विच नुसतं शोभेचं असतं.

हे वाचता वाचता अमेरिकन एअरलाइन्स फ्लाइट ५८७ बद्दलही वाचलं, १२ नोव्हेंबर २००१, एअरबस ए३००-६००. पुढे गेलेल्या ७४७ च्या वेक टर्ब्युलन्समध्ये (त्याने मागे सोडलेल्या घुसळलेल्या हवेत) फर्स्ट ऑफिसरने रडर जोरात एका बाजूला, मग दुसऱ्या, असा आलटून पालटून दिला आणि शेपटीचा उभा भाग तुटूनच गेला. २६५ माणसं गेली. हे वाचल्यावर हवेत असताना पेडलवर पाय नुसते टेकवून ठेवायचे, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

सेटिंगबद्दल एक सांगतो कारण यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सिममध्ये ऑटो रडर किंवा ऑटो-कोऑर्डिनेशन अशी सोय असते, ती एलरॉन आणि रडर एकमेकांना बांधून टाकते. पेडल किंवा ट्विस्टवाली स्टिक (पिळली की रडर देणारी) असेल तर ती बंदच करा, कारण क्रॉसविंडमध्ये (बाजूच्या वाऱ्यात) एलरॉन एकीकडे आणि रडर दुसरीकडे द्यावा लागतो आणि ती चालू असेल तर तसं देताच येत नाही. ट्विस्ट स्टिकचा वेगळाच वैताग, स्टिक उजवीकडे नेली की मनगटही थोडं फिरतं आणि नको असलेला रडर जातो, त्यावर उपाय म्हणजे मध्यभागी थोडा डेड झोन (जिथे हलवलं तरी काही होत नाही असा भाग). पेडल आले तेव्हा डेड झोन जवळजवळ काढून टाकला आणि कर्व्ह (पेडल किती दाबलं की रडर किती हलतो ते) मध्यभागी जरा सपाट ठेवला.

मग पेडल कशाला घेतले म्हणाल, तर वळण सोडून बाकी सगळ्यासाठी. टेकऑफला रनवेची मधली लाइन धरायला पायच लागतात. क्रॉसविंड लँडिंगला तर लागतातच, डावीकडून २० नॉट आणि आपण १४० नॉटला अप्रोचवर असलो तर नाक साधारण ८ अंश डावीकडे ठेवून यावं लागतं, मग फ्लेअरमध्ये (टेकायच्या जरा आधी नाक उचलताना) उजवं पेडल देऊन नाक रनवेच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी डावा पंख उचलू नये म्हणून डावीकडे थोडा एलरॉन. लवकर केलं तर विमान वाऱ्यासोबत रनवेवरून बाजूला वाहत जातं, उशीर केला तर टायर तिरके टेकतात. हे जमायला मला वळणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

आणि इंजिन फेल. इथे रडर खरा राजा. डावं इंजिन गेलं की नाक डावीकडे पळतं, उजवं पेडल द्यायचं. ए३२० मध्ये टेकऑफला असं झालं की पीएफडीवरची तीच पट्टी निळी होते, ती मध्ये येईपर्यंत पेडल दाबायचं, सोपं. शिवाय ऑटोपायलट लावला की रडर ट्रिम (पाय न दाबता रडर तसाच धरून ठेवणं) तो स्वतः करतो. ७३७ मध्ये मी योककडे बघतो, योक सरळ होईपर्यंत पेडल आणि मग तेवढं ट्रिम. पण ७३७ मध्ये थ्रस्ट (इंजिनाचा जोर) बदलला की पायही बदलावा लागतो, लेव्हल ऑफ करताना (चढणं थांबवून सरळ उडायला लागताना) थ्रस्ट कमी केला की पेडल सोडत यायचं, वाढवला की परत द्यायचं. सध्या एका इंजिनावरचं लँडिंग चाललंय माझं. अप्रोचला ट्रिम लावलेलं असतं, फ्लेअरमध्ये थ्रस्ट आयडल केला की ते ट्रिम एकदम जास्त होतं आणि नाक चालू इंजिनाकडे फिरतं, म्हणून तिथे पाय सैल सोडून चालत नाही, थ्रस्ट काढता काढताच उलट्या बाजूला दाब द्यावा लागतो. ट्रिम आधीच शून्यावर आणून सगळा जोर पायावर घ्यायचं हेही करून बघितलं, मला तेच जास्त बरं वाटतंय.