पारदर्शक मासा ओळखायचा तर आधी पाठ पाहा: माझा अनुभव

पारदर्शक मासा ओळखताना सगळ्यात आधी फसवतो तो त्याचा पारदर्शकपणाच. नजर सरळ मणक्यावर आणि पोटातल्या चंदेरी पिशवीवर जाते, तोंडातून 'ग्लास फिश' निघतं आणि तपास तिथेच थांबतो. प्रत्यक्षात या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या कुळांतले मासे विकले जातात. त्यातला एक कळप नसेल तर खाणं सोडतो, दुसरा शेजाऱ्यांचे खवले ओरबाडून खातो. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. हे पुन्हापुन्हा करून माझा क्रम आता ठरला आहे: आधी फोटो, मग पाठ, मग मिशा आणि जबडा, रंग सगळ्यात शेवटी.

टाकीत फिरणाऱ्या माशाकडे बघून मी काहीच ठरवत नाही. साधारण 15 सेंमी लांब, 10 सेंमी उंच आणि 4 ते 5 सेंमी रुंद अशी काचेची चपटी पेटी घेतो आणि त्याच टाकीचं पाणी भरतो. मासा जाळीने न धरता पारदर्शक भांड्याने उचलतो, कारण जाळीत मिशा आणि पाठीचे काटे अडकून तुटतात. मग दोन फोटो. पहिल्यासाठी मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावून दिवा एका बाजूने धरायचा. न दिसणाऱ्या परांच्या कडा लगेच उजळतात. दुसऱ्यासाठी काळा कागद काढून पांढरा पातळ कागद लावायचा आणि प्रकाश मागून द्यायचा. परांतल्या काड्या मोजता येतात. फ्लॅश नको, चंदेरी पिशवी चमकून सगळा फोटो वाया जातो. मोजपट्टी मासा ज्या काचेजवळ आहे त्याच काचेला चिकटवायची. मागच्या काचेवर लावली तर मासा खऱ्यापेक्षा मोठा भरतो. लांबी नाकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत घ्यायची. या माशांत मणका कुठे संपतो ते दिसतंच, त्यामुळे अंदाज करावा लागत नाही. पाच मिनिटांच्या आत मासा परत टाकीत.

आता पाठ. निम्मा निकाल इथेच लागतो.

पाठीवर पर जवळजवळ नाहीच, असलाच तर एखाद्या केसाएवढा, आणि पोटाखालचा पर पोटापासून थेट शेपटीपर्यंत गेलेला: हा ग्लास कॅटफिश, क्रिप्टोप्टेरस. पेटीत तो स्थिर झाला की नीट पाहावं. डोकं किंचित वर, शेपूट खाली, दोन लांब मिशा समोर ताणलेल्या, आणि पोटाखालच्या परातून एकामागून एक लाट सरकत जाते. मागून प्रकाश दिला की अंगातून इंद्रधनुष्य सरकतं. तो रंग त्वचेतला नसतो. स्नायूंच्या बारीक पुनरावृत्त रचनेतून प्रकाश जाताना तो तयार होतो. जुन्या पुस्तकांत या माशाचं नाव क्रिप्टोप्टेरस बायसिर्रिस असं सापडतं, ते दुरुस्त करून वाचावं. बायसिर्रिस वेगळा, बराच मोठा आणि कमी पारदर्शक मासा आहे. टाक्यांत मिळणाऱ्या थायलंडच्या माशाला 2013 मध्ये क्रिप्टोप्टेरस विट्रिओलस हे स्वतंत्र नाव मिळालं. तो साधारण 6.5 सेंमीपर्यंत वाढतो, डोक्यामागे पाठ स्पष्ट खोलगट दिसते आणि मिशा मागे वळवल्या तर पोटाखालच्या पराच्या सुरुवातीपलीकडे जातात.

मिशा आहेत, पण पाठीवर नीट उभा पर आणि त्यामागे शेपटीजवळ छोटासा मांसल पर आहे, अंगावर काळे आडवे पट्टे आहेत आणि मासा सतत पोहतोय, तर तो आफ्रिकन ग्लास कॅटफिश, पॅरुट्रोपियस. तीन पट्टे आणि शेपटीच्या दोन्ही टोकांवर काळा ठिपका असेल तर बुफेई. याला लपायच्या जागेपेक्षा पोहायला मोकळी लांबी जास्त लागते.

पाठीवर दोन पर, पुढचा कडक काट्यांचा आणि मागचा मऊ, म्हणजे खरा भारतीय ग्लास फिश. इथे जबडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. अंग उंच, चपटं आणि जबडे जवळपास सारखे असतील तर पॅराम्बॅसिस रंगा. अंग लांबट आणि खालचा जबडा स्पष्ट पुढे आलेला असेल तर चंदा नामा. खवले खाणारा तो हाच; दुसऱ्या माशांबरोबर ठेवायचा नाही. पॅराम्बॅसिस रंगा या माशाला पाण्यात मीठ लागतंच असं सर्रास सांगितलं जातं, मला ते पटत नाही. तो गोड्या पाण्यात उत्तम राहतो. खरी अडचण खाण्याची असते: कोरडं खाद्य बहुतेकदा नाकारतो, डॅफ्निया किंवा आर्टेमियासारखे बारीक पाणजीव द्यावे लागतात.

अंगावर गुलाबी, निळ्या, हिरव्या चमकदार रेघा असलेला रंगा कधीही वेगळी जात समजू नये. तो रंग सुईने टोचलेला असतो. काही महिन्यांत फिका पडतो, आणि टोचलेल्या माशांत लिम्फोसिस्टिस या विषाणूजन्य रोगाच्या गाठी जास्त आढळतात. असा मासा घेऊच नये, मागणी थांबली तरच हे थांबेल.

एक साधा पर आणि त्यामागे छोटा मांसल पर, मिशा मात्र नाहीत, असा मासा टेट्रा. पाठीच्या आणि पोटाखालच्या परावर पिवळा, काळा, पांढरा असे तीन रंग दिसले तर एक्स-रे टेट्रा, प्रिस्टेला मॅक्सिलॅरिस. शेपूट लाल आणि पोटाखालच्या पराची पुढची कड पांढरी, लांब ओढलेली असेल तर ग्लास ब्लडफिन. प्रवासातून आल्यावर ही लाली पार उतरलेली असते, म्हणूनच रंग शेवटी.

जेमतेम 12 मिमीचा मासा पिल्लू म्हणून बाजूला काढण्याआधी पोटात अंडी दिसतात का पाहावं. डॅनिओनेला नावाच्या इवल्या पारदर्शक माशाची पूर्ण वाढलेली मादी एवढीच असते.

मासा दुधाळ दिसत असेल तर त्या दिवशी ओळख थांबवतो. ताणाखाली किंवा आजारात स्नायूंची पारदर्शकता जाते आणि मेल्यावर तर मासा पांढराच पडतो. अशा माशाला अंधाऱ्या, शांत टाकीत ठेवून अमोनिया आणि नायट्राइट तपासतो. दोन-तीन आठवड्यांनी, रंग परतल्यावर, त्याच पेटीत पुन्हा फोटो घेतो. तेव्हाही जात पटली नाही तर टाकीवरच्या चिठ्ठीवर नावाचा फक्त पहिला शब्द (क्रिप्टोप्टेरससारखा) लिहितो आणि पुढची जागा कोरी ठेवतो.